एकाच ओढ्याचा नकाशा : सांगली जिल्हा नियोजन समितीस खुले पत्र

मा. अध्यक्ष, मा. सदस्य-सचिव आणि सर्व सन्माननीय सदस्य,
जिल्हा नियोजन समिती, सांगली.

विषय : जिल्ह्याची वार्षिक योजना खातेनिहाय न आखता पाणलोटनिहाय आखण्याविषयी.

सविनय नमस्कार.

वाळवा तालुक्यातील कृष्णाकाठच्या एका माध्यमिक शाळेत मी छत्तीस वर्षे भूगोल शिकवला. शिलावरण, जलावरण, वातावरण आणि जीवावरण हा पाठ पहिल्या पावसाच्या सुमारास यायचा आणि मी फळ्यावर चार वर्तुळे काढायचे. सुरुवातीच्या वर्षांत ती सुटी सुटी काढत असे, कारण परीक्षेत चार व्याख्या विचारल्या जात आणि सुटी वर्तुळे मुलांच्या लक्षात राहत. पुढे मी ती एकमेकांत गुंतवून काढू लागले. शेवटच्या दहा-बारा वर्षांत वर्तुळे काढायचे सोडूनच दिले आणि अख्खा वर्ग घेऊन शाळेमागच्या ओढ्यावर जाऊ लागले. दगड, पाणी, हवा आणि जीव यांतले एक दुसऱ्यापासून सोडवून दाखवावे अशी वीतभर जागासुद्धा त्या ओढ्यात सापडत नव्हती.

आपल्या जिल्ह्याची वार्षिक योजना मात्र अजून माझ्या पहिल्या वर्षांतल्या फळ्यासारखी आहे. पाणी एका खात्याकडे, त्यातही कालव्याचे एकाकडे आणि ओढ्याचे दुसऱ्याकडे. माती कृषी खात्याकडे. झाडे वन खात्याकडे. धूर आणि सांडपाणी आणखी कोणाकडे. या सगळ्या खात्यांत कष्टाळू माणसे आहेत, त्यांतले काही माझे विद्यार्थी आहेत आणि हे पत्र त्यांच्याविरुद्धची तक्रार नव्हे. माझे म्हणणे असे आहे की आपल्या भागाचे गेल्या पन्नास-साठ वर्षांतले मोठे नुकसान या चार आवरणांपैकी कोणत्या एकात झालेले नाही. ती जिथे एकमेकांना भेटतात त्या सांध्यांवर ते झाले आहे, आणि सांधा कोणत्याच खात्याच्या ताब्यात नाही.

हे मी प्रथम आमच्याच रानात पाहिले. नदीपासून मैल-दीड मैलावर आमची तीन एकर काळी जमीन आहे. माझ्या लहानपणी तिथे शाळू आणि हरभरा व्हायचा आणि उन्हाळ्यात भेगा एवढ्या रुंद पडायच्या की हरवलेला विळा एकदा हातभर खोल भेगेत सापडला होता. मग उपशाचे पाणी आले, ऊस आला, घर बांधून झाले, आम्हा भावंडांची शिक्षणे झाली. त्या पाण्याचे उपकार मी विसरलेले नाही. सगळ्यांप्रमाणे वडीलही सऱ्या तुडुंब भरून पाणी देत. दहा-बारा वर्षांनी रानाच्या खालच्या अंगाला ऊस पिवळा पडू लागला, आणि एका फेब्रुवारीत वरंब्याच्या माथ्यावर पांढरी पापडी दिसली. वडिलांनी ती बोटावर घेऊन जिभेला लावली आणि कितीतरी वेळ काही न बोलता बांधावर बसून राहिले. जमिनीला मीठ फुटले होते.

त्या चिमूटभर पापडीत चारही आवरणे होती. आपली काळी माती सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याची, म्हणजे बेसाल्टची झीज होऊन तयार झालेली आहे. तिचे चिकणकण अतिशय सूक्ष्म असतात. ते पाणी घट्ट धरून ठेवतात, पण सहजासहजी खाली सोडत नाहीत. वरून गरजेपेक्षा जास्त पाणी मिळत राहिले की भूजलाची पातळी चढत जाते, मातीतल्या केसासारख्या बारीक वाटांनी ते पाणी वर खेचले जाते, ऊन आणि वारा पाणी तेवढे घेऊन जातात आणि त्यात विरघळलेले क्षार मागे राहतात. त्यात सोडियमचे प्रमाण वाढले की मातीचे कण एकमेकांना सोडून देतात आणि जमीन ओली असताना साबणासारखी बुळबुळीत व वाळल्यावर दगडासारखी टणक होते. तिलाच आपल्याकडे चोपण म्हणतात. पण त्याच्याही आधी आणखी एक गोष्ट घडलेली असते. मातीच्या पोकळ्यांमध्ये जी हवा असायला हवी तिची जागा पाण्याने घेतलेली असते आणि मुळांना प्राणवायू मिळेनासा होतो. वडिलांना पीक उपाशी वाटले म्हणून त्यांनी दोन हंगाम खत वाढवले. पीक उपाशी नव्हते, ते गुदमरत होते. हे त्यांना कोणी सांगितले नाही, आणि भूगोल शिकवणाऱ्या त्यांच्या मुलीलाही तेव्हा ते कळले नाही.

यावरचा उपाय अज्ञात नाही. कसबे डिग्रज येथील कृषी संशोधन केंद्रात क्षारपड आणि चोपण जमिनींवर वर्षानुवर्षे काम चालले आहे. चर काढावेत किंवा जमिनीखालून सच्छिद्र पाइप टाकून निचरा करावा, चोपणात जिप्सम घालावे, धैंचा हे हिरवळीचे पीक पेरून ते जमिनीत गाडावे आणि पाणी मोजून द्यावे, हे आता वाळवा, मिरज, पलूस तालुक्यांतल्या बहुतेक शेतकऱ्यांना तोंडपाठ आहे. अडचण अशी आहे की निचऱ्याचे पाणी शेवटी ओढ्यातच सोडावे लागते आणि आमच्याकडचा ओढा मधल्या काळात कुठे बांधाने आवळला गेला, कुठे भराव घालून सपाट झाला, तर कुठे त्यावर रस्ता आला. खालच्या शेजाऱ्याच्या रानातून पाइप नेल्याशिवाय वरच्याचा निचरा होत नाही, आणि ओढा मोकळा झाल्याशिवाय खालच्याचाही होत नाही. जिप्समची योजना एका टेबलावर, ओढ्याची हद्द दुसऱ्या टेबलावर, पाण्याची पाळी तिसऱ्या टेबलावर. आमच्या रानातला खालचा दीड एकर अजून पडीक आहे.

चार आवरणांचा हा गुंता ओळखून वागण्याची समज आपल्या भागाला पूर्वी नव्हती, असे मात्र नाही. सांगलीची हळद पिढ्यान्‌पिढ्या हरिपूरच्या जमिनीतल्या पेवांमध्ये, म्हणजे खोल बंदिस्त खड्ड्यांमध्ये, साठवली गेली. लहानपणी वडिलांबरोबर गेले असताना मी एक पेव उघडताना पाहिले होते. तोंडावरची माती दूर केली, झाकण काढले आणि सगळी माणसे लांब जाऊन बसली. बऱ्याच वेळाने एकाने दोरीला बांधून पेटता कंदील आत सोडला आणि तो अर्ध्यावर जाण्याआधीच विझला. पुन्हा वाट पाहणे, पुन्हा कंदील. उन्हे कलल्यावर कंदील तळापर्यंत जाऊन जळत राहिला, तेव्हा कुठे एक माणूस आत उतरला. बंद पेवातल्या हळदीच्या आणि सूक्ष्म जिवांच्या श्वसनाने प्राणवायू संपतो, कर्बवायू साठतो आणि हवेपेक्षा जड असल्यामुळे तळाशी बसून राहतो; त्याच हवेत कीड जगत नाही आणि हळद टिकते. कोरडी राहणारी माती, कोंडलेली हवा, बाहेर रोखलेले पाणी आणि आत जपलेले पीक, असा तो हिशेब होता. २००५ च्या महापुराचे पाणी पेवांमध्ये शिरले आणि तो मोडला. पेवाची माती बदलली नव्हती, हळदही तीच होती. नदीने जागा बदलली होती.

पुराचा विषय आपल्यापुढे दरवर्षी येतो, म्हणून त्यातला मला सांगायचा तेवढाच भाग लिहिते. महाबळेश्वराला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तिथून सरळ रेषेत दीडशे किलोमीटरच्या आत असलेल्या आटपाडीला पाचशे मिलिमीटरही दुरापास्त असतो. अरबी समुद्रावरून आलेली दमट हवा सह्याद्रीला धडकून वर चढते, थंड होते, बरसते आणि पलीकडे उतरताना तापून कोरडी होते. एका डोंगराच्या भिंतीने हवेची अशी वाटणी केल्यामुळे एकाच जिल्ह्यात शिराळ्याचा भात आणि जतची बाजरी दोन्ही पिकतात. त्याच भिंतीवर पडलेले पाणी कृष्णा आणि कोयना कराडला एकत्र आणतात, हरिपूरला वारणा येऊन मिळते आणि थोडे खाली नरसोबाच्या वाडीला पंचगंगा. या पट्ट्यात नदीचा उतार अगदी मंद आहे, त्यामुळे आलेले पाणी पसरते आणि रेंगाळते. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी आहे; ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्याही वर गेले. धरणांतून पाणी कधी आणि किती सोडावे, खालच्या राज्यातील धरणाचा फुगवटा किती, या वादांत मी शिरत नाही, ते जाणकार पाहत आहेत. मला विचारायचे आहे ते ओतांविषयी. सांगलीतील जुनी माणसे गावाभोवतीच्या खोलगट, पुराचे पाणी पोटात घेणाऱ्या जागांना ओत म्हणत आणि तिथे घर बांधत नसत. मातीचा तो आकार नदीनेच घडवला होता. त्यात भराव पडले, वसाहती झाल्या, उंच रस्ते आले, आणि प्रत्येक कामाला रीतसर मंजुरी मिळाली, कारण बांधकामाची फाइल बांधकामाच्या खात्याने पाहिली. त्या फाइलमध्ये नदी नव्हती.

पुराचे पाणी गढूळ दिसते ते मातीमुळे. त्यात न दिसणारेही बरेच काही असते, आणि हा भाग मुलांना सांगताना मी स्वतः दरवेळी हरखून जात असे. पाऊस हवेतला थोडा कर्बवायू विरघळवून घेतो आणि किंचित आम्लधर्मी होतो. ते पाणी बेसाल्टवर पडते, त्यातले कॅल्शियम हळूहळू मोकळे करते आणि हवेतला कर्ब बायकार्बोनेटच्या रूपाने नदीत येतो. त्यातला काही भाग आपल्या कोरड्या पट्ट्यातच चुनखडीच्या पांढऱ्या खड्यांच्या रूपात मातीत बसतो. तासगाव, जतकडे विहीर खोदताना तो सगळ्यांनी पाहिलेला आहे. उरलेला कृष्णेबरोबर बंगालच्या उपसागरात जातो आणि तिथे शंख-शिंपल्यांची कवचे बनतो. म्हणजे हवा दगडात शिरते, दगड नदीत, नदी समुद्रात आणि समुद्र जिवाच्या अंगात. पृथ्वीचे तापमान लाखो वर्षांच्या हिशेबात सावरून धरण्यात या संथ व्यवहाराचा मोठा वाटा आहे. आपण दगडी कोळसा आणि तेल जाळून जो कर्ब काही दशकांत हवेत सोडला तो परत घ्यायला मात्र या दगडांना फार मोठा काळ लागेल. १९५८ साली हवेतल्या कर्बवायूचे नियमित मोजमाप सुरू झाले तेव्हा तो दशलक्ष भागांत सुमारे ३१५ भाग होता. आज तो ४२० भागांच्या पुढे गेला आहे. ऐन छाटणीनंतर येणाऱ्या अवकाळी पावसाने द्राक्षाच्या घडांची कूज होते आणि डाऊनी हा बुरशीचा रोग पसरतो, तेव्हा तासगावच्या बागायतदाराला हवा हा विषय हवामान खात्याचा आहे असे सांगून भागत नाही.

हाच कर्ब आपल्या हाताशी उसाच्या फडात पडलेला असतो. एक एकर ऊस तुटल्यावर तीन-चार टन पाचट मागे राहते. ते पेटवले की वर्षभर पानांनी हवेतून गोळा केलेला कर्ब तासाभरात परत हवेत जातो, धुराने गावातली म्हातारी माणसे खोकतात, मातीच्या वरच्या थरातले जीव होरपळतात आणि उघडी पडलेली माती पाणी झपाट्याने गमावते. तेच पाचट सरीत ठेवून कुजवले तर पाण्याची पाळी लांबते आणि सेंद्रिय कर्ब वाढतो. माती परीक्षणाच्या कागदावर शेतकरी आता सगळ्यांत आधी तोच आकडा पाहतो. हवा, पाणी, माती आणि पीक अशी चार खात्यांची चार कामे एका काडीने बिघडतात किंवा एका न ओढलेल्या काडीने साधतात. तरीही आपल्या योजनेत पाचट कुट्टीच्या यंत्राचा विचार केवळ अवजारांच्या अनुदानात होतो.

जमीन आणि पाणी यांचा सांधा किती खोल जातो हे तर आपल्या भागाइतके जगात फार थोड्या ठिकाणच्या लोकांना ठाऊक आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे मी दहा वर्षांची होते. फळीवरची पितळी भांडी खाली कोसळली आणि आजीने मला उचलून अंगणात आणले. कोयनेच्या त्या भूकंपात दीडशेहून अधिक माणसे गेली. कोयना धरणाचा शिवाजीसागर जलाशय भरू लागल्यापासून परिसरात धक्के वाढले होते. आधीच ताणाखाली असलेल्या खडकांच्या भेगांमध्ये पाण्याचा दाब पोचल्याने भूकंपाला चालना मिळते, असे शास्त्रज्ञ मानतात. जलाशयामुळे चेतवल्या जाणाऱ्या भूकंपांच्या अभ्यासात कोयनेचे नाव आज जगभर घेतले जाते, कराडजवळ हजारमाचीला त्यासाठी प्रयोगशाळा उभी आहे आणि कोयना परिसरात तीन किलोमीटर खोल विंधन घेऊन खडकाची नाडी पाहिली गेली आहे. कोयनेच्या विजेने महाराष्ट्र उजळला, त्या धरणाविषयी माझ्या मनात कृतज्ञताच आहे. पण पाणी साठवण्याचा निर्णय हा खडकाविषयीचाही निर्णय असतो, हे पन्नास-साठ वर्षांपूर्वी इतकी मोठी किंमत देऊन शिकलेला हा प्रदेश आहे.

हे सांधे जोडणारी कामेही याच जिल्ह्यात झाली आहेत. खानापूर तालुक्यात बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी १९८० च्या दशकात येरळेवर बळीराजा धरण बांधले. नदीतली वाळू बेसुमार उपसली की तिच्यात साठणारे पाणी जाते, हे त्यांनी विहिरी आटताना पाहिले होते, आणि उपशाच्या विरोधात उभे राहून त्यांनी मोजक्याच वाळूच्या विक्रीतून धरणासाठी पैसा उभा केला. पाण्याची वाटणी करताना भूमिहीनांचाही हिस्सा धरला. तिकडे सागरेश्वरच्या उजाड डोंगरांवर धों. म. मोहिते यांच्या ध्यासातून झाडे लागली, हरणे आली आणि १९८५ मध्ये अभयारण्य जाहीर झाले. या दोन्ही कामांची सुरुवात एका विशिष्ट नदीपासून, एका विशिष्ट डोंगरापासून झाली. खाती नंतर आली.

आता माझी विनंती. ती आपल्या अधिकाराबाहेरची नाही. राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने आलेल्या २४३-झेडडी या अनुच्छेदात जिल्हा नियोजन समितीने विकास योजनेचा मसुदा करताना पंचायती आणि नगरपालिका यांच्या सामाईक हिताच्या बाबी, पाण्याची व इतर भौतिक आणि नैसर्गिक संसाधनांची वाटणी, आणि पर्यावरणाचे संवर्धन यांचा विचार करावा, असे स्पष्ट म्हटले आहे. सांधे सांभाळण्याचे काम घटनेने ज्या एका टेबलावर ठेवले आहे ते आपले आहे.

येत्या वार्षिक योजनेसाठी प्रत्येक तालुक्यातून किमान एक ओढा निवडावा, उगमापासून नदीला मिळेपर्यंतचा संपूर्ण, गावांच्या हद्दी मध्ये आल्या तरी न तोडता. त्या ओढ्याच्या पाणलोटाचा एकच नकाशा करावा आणि जमिनीचा उतार, मातीचा प्रकार, क्षारपड क्षेत्र, विहिरींची पातळी, झाडोरा, भराव, सांडपाण्याची तोंडे आणि पुराची रेषा हे सगळे त्याच कागदावर यावे. सर्व खात्यांच्या तालुका अधिकाऱ्यांनी त्या क्षेत्रातल्या आपापल्या कामांचे प्रस्ताव याच नकाशावर काढून आणावेत, म्हणजे एकाचा भराव दुसऱ्याच्या निचऱ्यावर बसतो आहे हे मंजुरीआधी दिसेल. क्षारपड जमिनीच्या सामुदायिक निचऱ्याला, विशेषतः ज्याचा खर्च कोणताच एकटा शेतकरी उचलू शकत नाही त्या मुख्य निकास चराला, स्वतंत्र तरतूद असावी. शहरातल्या उरलेल्या ओतांची मोजणी करून ते नकाशावर कायम करावेत. गेलेले परत मिळवणे अवघड आहे, हे मी जाणते.

आणि शाळांना या कामात घ्यावे. पर्जन्यमापक, विहिरीत सोडायला गाठी मारलेली दोरी आणि एक वही, एवढ्यात काम होते. आमच्या शाळेत ते बावीस वर्षे झाले. दर सोमवारी आठवीची दोन मुले विहिरीचे पाणी किती हात खाली आहे ते मोजून लिहीत. पहिल्या वह्यांमध्ये मे महिन्यात पाणी वीस-बावीस हात खोल आहे. पुढे ते दर उन्हाळ्याला वर येत गेले आणि शेवटच्या वह्यांमध्ये ते चार-पाच हातांवर आहे. मुलांना आनंद व्हायचा की पाणी वाढले. मला त्या आकड्यांत वडिलांच्या बोटावरची पापडी दिसत होती, तोवर आजूबाजूच्या आणखी रानांत मीठ फुटू लागले होते. त्या वह्या घेऊन मी एका कार्यालयात गेले. तिथे सांगितले की विहीर आमच्याकडे येते, पण जमिनीतले मीठ येत नाही. दुसऱ्या कार्यालयात उलट सांगितले. दोन्ही ठिकाणी माणसे आदराने बोलली आणि चहाही दिला.

त्या अकरा वह्या माझ्याकडे आहेत. मुलांच्या अक्षरात आहेत, काही पानांवर पावसाचे डाग आहेत, पण आकडे वाचता येतात आणि तारखा सलग आहेत. आपण आमच्या ओढ्याचा नकाशा करायला घेणार असाल, तर त्या घेऊन मी बैठकीला येईन आणि कोणत्या वर्षी कोणत्या विहिरीजवळ काय बदलले ते नकाशावर बोट ठेवून दाखवीन. माझ्याबरोबर त्या वह्या लिहिणाऱ्यांपैकी चार-पाच जण येतील. ते आज त्याच ओढ्याकाठी शेती करतात.

कळावे,
आपली विश्वासू,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका,
ता. वाळवा, जि. सांगली.